हो, नाही आणि ‘अजून मोजलंच नाही’: बूलियन ऑब्जेक्टमध्ये गुंडाळायचा कधी आणि कसा

औसा किंवा रेणापूरच्या सोयाबीन खरेदी केंद्रासाठी प्रोग्रॅम लिहायचा आहे असं धरा. गेटवर टेम्पो आला की शेतकऱ्याच्या मालाची एक नोंद होते, तिला लॉट म्हणू. नोंदीत नाव, कट्टे, वजन आणि ‘वाळला’ नावाचं एक खरं-खोटं फील्ड. ओलावा मर्यादेच्या आत असेल तर ट्रू, जास्त असेल तर फॉल्स.

हे फील्ड जावा ह्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या साध्या बूलियनचं, म्हणजे फक्त ट्रू किंवा फॉल्स ठेवणाऱ्या प्रकाराचं केलं की पहिल्याच दिवशी घोळ होतो. नोंद झाली, मॉइश्चर मीटर अजून लावायचंय, तरी स्क्रीनवर लॉट ‘ओला’ दिसतो. कारण न भरलेल्या बूलियन फील्डमध्ये जावा आपणहून फॉल्स ठेवते. मोजून ओला निघालेला माल आणि रांगेत उभा असलेला माल, दोन्ही प्रोग्रॅमला सारखेच. स्क्रीन बघून कुणी ‘माल परत न्या’ म्हणालं तर शेतकऱ्याचं टेम्पोभाडं अंगावर पडतं.

इथं तिसरं उत्तर लागतं आणि ते साध्या बूलियनमध्ये बसत नाही. ऑब्जेक्टमध्ये गुंडाळलेल्या बूलियनमध्ये बसतं, कारण ऑब्जेक्टच्या जागी नल, म्हणजे ‘इथं काहीच नाही’ ही खूण, ठेवता येतो. गुंडाळण्याचं खरं कारण हेच. गुंडाळल्यावर जे बिघडतं, त्यातलंही बहुतेक ह्याच नलपायी बिघडतं. म्हणून खालची अर्धीअधिक माहिती नलबद्दलच आहे.

वाचण्याच्या सोयीसाठी दोन गोष्टी. नांदेड-संभाजीनगरच्या लॅबमध्ये पोरं बोलतात तसंच इथं म्हटलं आहे: साध्या प्रकाराला स्मॉल-बी बूलियन आणि गुंडाळलेल्या क्लासला कॅपिटल-बी बूलियन. कोडच्या ओळी देवनागरीत लिहिल्या आहेत, त्यांतलं ‘बूलियन’ म्हणजे कॅपिटल-बी; एडिटरमध्ये टाइप करताना नेहमीची रोमन अक्षरंच वापरायची.

गुंडाळायचा कधी

पहिलं कारण वर आलंच: ‘माहीत नाही’ हे खरोखरचं उत्तर असेल तेव्हा. दुसरं कारण जावाचं स्वतःचं आहे. लिस्ट, मॅप, सेट ह्यांच्यात स्मॉल-बी राहत नाही. जेनेरिक्सना, म्हणजे आत कुठला प्रकार ठेवायचा ते सांगावं लागणाऱ्या अशा क्लासना, ऑब्जेक्टच लागतो. लॉट नंबरवरून उत्तर शोधणारा मॅप करायचा तर त्याची व्हॅल्यू कॅपिटल-बीच असणार. तिसरं कारण म्हणजे समोरची मेथड ऑब्जेक्ट मागते तेव्हा, उदाहरणार्थ रिफ्लेक्शन किंवा स्ट्रिंग फॉरमॅटची आर्ग्युमेंट्स.

ह्यापलीकडे गुंडाळू नये. लूपमधला ‘सापडला का’ हा फ्लॅग, मेथडचा पॅरामीटर, लोकल व्हेरिएबल हे सगळं स्मॉल-बीच ठेवा. एखाद्या मेथडचं उत्तर कॅपिटल-बी असेल तर वाचणारा लगेच विचारतो, ‘ही नल देते का?’ देत नसेल तर त्याला उगाच त्या विचारात पाडू नका.

फील्ड ठरवण्याआधीच आणखी एक गोष्ट करा. मीटरचा आकडा वेगळ्या फील्डमध्ये साठवा, फक्त ट्रू-फॉल्सवर भागवू नका. सरकारी खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची नेहमीची मर्यादा १२ टक्के आहे, पण २०२४ च्या हंगामात केंद्र सरकारने ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. ज्याने नुसतं फॉल्स साठवलं त्याला १३ टक्क्यांचा माल कुठला आणि १९ टक्क्यांचा कुठला हे पुन्हा मोजल्याशिवाय सांगता येत नाही. आकडा असेल तर ‘वाळला’ कधीही नव्याने काढता येतो.

गुंडाळायची पद्धत

सरळ मार्ग हा:

बूलियन वाळला = बूलियन.व्हॅल्यूऑफ(ओलावा <= मर्यादा);

व्हॅल्यूऑफ नवा ऑब्जेक्ट बनवत नाही. जावात बूलियन.ट्रू आणि बूलियन.फॉल्स असे दोन तयार ऑब्जेक्ट कायमचे असतात, त्यातला एक ती हातात देते. स्मॉल-बी घेणारी ही मेथड जावा १.४ पासून आहे. जावा ५ मध्ये, म्हणजे २००४ साली, ऑटोबॉक्सिंग आलं. तेव्हापासून डावीकडे कॅपिटल-बी आणि उजवीकडे स्मॉल-बी लिहिलं तरी कंपायलर मधे व्हॅल्यूऑफ घालून देतो. त्यामुळे रोजच्या कोडमध्ये हेही पुरतं:

बूलियन वाळला = ओलावा <= मर्यादा;

जुन्या नोट्समध्ये आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मात्र अजून ‘न्यू बूलियन(ट्रू)’ सापडतं. ते लिहू नका. हा कन्स्ट्रक्टर जावा ९ मध्ये डेप्रिकेट झाला आणि जावा १६ पासून ‘पुढे काढून टाकणार’ अशा खुणेसह आहे. तो दर वेळी वेगळा ऑब्जेक्ट तयार करतो. नेहमीच्या ६४-बिट हॉटस्पॉटवर, म्हणजे जावाचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या नेहमीच्या जेव्हीएमवर, असा एक ऑब्जेक्ट १६ बाइट खातो, आणि त्यात कामाचं एकच ट्रू किंवा फॉल्स.

व्हॅल्यूऑफ वापरलं की ऑब्जेक्ट दोनच राहतात, खर्च फक्त रेफरन्सचा. १० लाख लॉटची लिस्ट असेल तर रेफरन्सचे साधारण ४० लाख बाइट जातात, स्मॉल-बीच्या अ‍ॅरेला १० लाख बाइट आणि बिटसेटला, म्हणजे प्रत्येक उत्तर एकेका बिटमध्ये ठेवणाऱ्या क्लासला, सव्वा लाख. तालुक्याच्या केंद्राला ह्याने काही फरक पडत नाही. पण सगळ्या जिल्ह्याची अनेक हंगामांची आकडेमोड मेमरीत करायची असेल आणि तिसरं उत्तर नको असेल, तर बिटसेट घ्या.

एक गैरसमज इथंच निपटून टाकू. काही जण मेथडला कॅपिटल-बी पाठवतात आणि मेथडने आत बदल केला की बाहेर दिसेल अशी आशा धरतात. दिसत नाही. कॅपिटल-बी ऑब्जेक्ट एकदा बनला की त्यातलं मूल्य बदलत नाही. मेथडच्या आत ‘वाळला = ट्रू’ लिहिलं की आतलं व्हेरिएबल दुसऱ्या ऑब्जेक्टकडे वळतं, एवढंच. बदलणारा, अनेक थ्रेडमधून हाताळला जाणारा फ्लॅग हवा असेल तर अ‍ॅटॉमिकबूलियन आहे. तो कॅपिटल-बीचा उपप्रकार नाही, आणि त्याची इक्वल्स मेथड आतलं मूल्य न बघता ऑब्जेक्ट तोच आहे का एवढंच बघते, हे ध्यानात असू द्या.

तसंच कॅपिटल-बी ऑब्जेक्टवर सिंक्रोनाइझ करू नका. तो ऑब्जेक्ट अख्ख्या जेव्हीएममध्ये सामाईक असतो, त्यामुळे कुठल्यातरी लायब्ररीचं कुलूप आणि तुमचं कुलूप एकच निघू शकतं. जावा १६ पासून कंपायलर ह्यावर इशाराही देतो.

उघडताना कुठं फुटतं

गुंडाळलेलं मूल्य परत स्मॉल-बी होणं म्हणजे अनबॉक्सिंग. त्याचा त्रास असा की ते कोडमध्ये दिसत नाही. खालच्या ओळीत उघडणारी मेथड कुठंच लिहिलेली नाही (पट्टी म्हणजे शेतकऱ्याला द्यायचा हिशोबाचा कागद):

इफ (लॉट.गेटवाळला()) पट्टीछाप(लॉट);

कंपायलर मात्र इथं बूलियनव्हॅल्यू नावाची मेथड घालतो. फील्डमध्ये नल असेल तर नलपॉइंटरएक्सेप्शन. इफ, व्हाइल, उद्गारचिन्हाचं ‘नॉट’, ‘अँड’, ‘ऑर’, स्मॉल-बी व्हेरिएबलला केलेली असाइनमेंट, स्मॉल-बी पॅरामीटर ह्या सगळ्या जागी हे होतं. ‘अँड’मध्ये तर ते लपून बसतं: डावीकडचं फॉल्स निघालं की उजवीकडचं उघडलंच जात नाही. म्हणून प्रोग्रॅम आठवडाभर चालतो, आणि डावी बाजू ट्रू अन् उजवी नल अशी पहिली नोंद आली की आपटतो. जावा १५ पासून एररच्या मजकुरात नल नेमका कुठून आला ते लिहिलेलं असतं. संस्थेच्या सर्व्हरवर जावा ८ असेल तर ती सोय नाही, नुसता ओळ क्रमांक मिळतो.

उघडायची सुरक्षित पद्धत अशी:

बूलियन.ट्रू.इक्वल्स(लॉट.गेटवाळला())

हे नलला फॉल्स देतं, फुटत नाही. पण इथंच दुसरी, जास्त महागडी चूक होते. ओल्या मालाची यादी काढायची आहे म्हणून ह्याच ओळीपुढे उद्गारचिन्ह लावलं, तर यादीत ओले लॉट येतात आणि न मोजलेलेही येतात. म्हणजे तिसरं उत्तर साठवायला एवढी धडपड केली आणि शेवटी ते पुन्हा ‘ओला’मध्येच ढकललं. ओल्यांसाठी बूलियन.फॉल्स.इक्वल्स लिहा, न मोजलेल्यांसाठी सरळ ‘== नल’. प्रत्येक ठिकाणी स्वतःला विचारायचं: इथं नल कुणाच्या बाजूला धरायचा? पट्टी छापताना नल म्हणजे ‘थांबा’. रांगेच्या स्क्रीनवर नल म्हणजे ‘मीटर लावा’. दोन्हीकडे एकच अट चिकटवली तर एक जागा नक्की चुकणार.

मॅपमध्येही हेच. लॉट नंबर मॅपमध्ये नसेल तर गेट नल देतं, आणि ते स्मॉल-बी व्हेरिएबलमध्ये घेतलं की एक्सेप्शन. त्यावर उपाय म्हणून बरेच जण गेटऑरडिफॉल्ट(लॉट, फॉल्स) लिहितात. ते की नसतानाच उपयोगी पडतं. की आहे आणि तिची व्हॅल्यू नल आहे, तर ते नलच देतं आणि ओळ पुन्हा फुटते. शिवाय कॉन्करंटहॅशमॅप आणि जावा ९ चं मॅप.ऑफ नल व्हॅल्यू घेतच नाहीत. तिथं ‘न मोजलेला’ म्हणजे ‘मॅपमध्ये नसलेला’ असा नियम ठेवावा लागतो. ठेवला तर तो कॉमेंटमध्ये लिहून ठेवा.

सगळ्यात फसवी जागा प्रश्नचिन्ह-अपूर्णविरामाच्या ऑपरेटरची, म्हणजे टर्नरीची:

बूलियन उत्तर = आधीचमंजूर ? ट्रू : मोजणी;

डावीकडे कॅपिटल-बी, ‘मोजणी’ हे व्हेरिएबलही कॅपिटल-बी. तरी ‘मोजणी’ नल असेल आणि ‘आधीचमंजूर’ फॉल्स असेल तर एक्सेप्शन येतो. कारण जावाचा नियम असा आहे की एक बाजू स्मॉल-बी आणि दुसरी कॅपिटल-बी असेल तर अख्ख्या टर्नरीचा प्रकार स्मॉल-बी होतो. ‘मोजणी’ आधी उघडली जाते आणि मग परत गुंडाळली जाते. नुसत्या ट्रूच्या जागी बूलियन.ट्रू लिहा, दोन्ही बाजू कॅपिटल-बी झाल्या की उघडणं टळतं. कोड बघताना टर्नरीत कॅपिटल-बी दिसला की दोन्ही बाजू तपासायची सवय लावून घ्या, नसता हा बग डोळ्यांना सापडत नाही.

छपाईचंही तसंच. नलला स्ट्रिंगशी जोडलं तर कागदावर ‘नल’ हा शब्द रोमन अक्षरांत उमटतो, आणि नलवर टूस्ट्रिंग चालवलं तर प्रोग्रॅम फुटतो. पावतीवर काय छापायचं ते तिन्ही उत्तरांसाठी आपणच ठरवून लिहा.

दोन बूलियनची तुलना

दोन कॅपिटल-बी ‘==’ने ताडले तर जावा आतलं मूल्य न बघता ऑब्जेक्ट एकच आहे का ते बघते. ऑटोबॉक्सिंगमधून आलेले असतील तर उत्तर बरोबर येतं, कारण ऑब्जेक्ट दोनच आहेत. म्हणून ही चूक टेस्टमध्ये सापडत नाही. मग कुठून तरी जुन्या लायब्ररीतलं ‘न्यू बूलियन’ येतं, किंवा सिरियलाइझ करून साठवलेला ऑब्जेक्ट परत वाचला जातो, आणि ट्रू आणि ट्रू असमान ठरतात. इक्वल्स वापरा, दोन्ही बाजूंना नल शक्य असेल तर ऑब्जेक्ट्स.इक्वल्स. एक बाजू स्मॉल-बी असेल तर ‘==’ मूल्यच ताडतो, पण त्यासाठी दुसरी बाजू उघडतो, म्हणजे नलची भीती परत आली.

क्रम लावताना फॉल्स आधी, ट्रू नंतर. नल असेल तर तुलना फुटते, म्हणून कंपॅरेटरला नल्सफर्स्ट किंवा नल्सलास्ट लावा. रांगेच्या स्क्रीनवर नल्सफर्स्ट बरं, न मोजलेले लॉट वर दिसतात.

एक्सेलमधून आलेला ‘हो’

गावोगावच्या याद्या एक्सेलमध्ये येतात. एकाने ‘हो’ लिहिलेलं असतं, दुसऱ्याने ‘होय’, तिसऱ्याने ‘वाय’, चौथ्याने १. हे पार्सबूलियनला दिलं तर सगळ्यांचं उत्तर फॉल्स. ही मेथड फक्त इंग्रजी ट्रू हा शब्द ओळखते. अक्षरं लहान-मोठी असली तर चालतं, बाकी काहीही आलं, नल आला, रिकामी जागा आली, शब्दाच्या पुढेमागे स्पेस आली, तरी ती गुपचूप फॉल्स देते. एरर नाही, इशारा नाही. मजकूर घेणारं व्हॅल्यूऑफही तसंच वागतं. फरक एवढाच की त्याचं उत्तर गुंडाळलेलं येतं.

म्हणून आपली मेथड लिहावी. आधी मजकूर साफ करायचा. इथं ट्रिमवर विसंबू नका: वेबपेजवरून चिकटवलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस असते, तिचा युनिकोड क्रमांक १६०, आणि ती ट्रिमनेही जात नाही, जावा ११ च्या स्ट्रिपनेही जात नाही. ती आधी साध्या स्पेसने बदला, मग ट्रिम करा. मग होकाराच्या शब्दांचा एक सेट आणि नकाराच्या शब्दांचा एक सेट ठेवून शोधा. रिकामं निघालं तर नल परत द्या. दोन्हींत न सापडलेला शब्द आला तर नल देऊ नका, ओळ क्रमांकासह एक्सेप्शन टाका. ‘मोजलं नाही’ आणि ‘काय लिहिलंय कळलं नाही’ ह्या वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीचा उपाय यादी पाठवणाऱ्याला फोन करणं हा आहे.

गेटबूलियन नावाच्या स्टॅटिक मेथडपासून लांब राहा. नावावरून वाटतं ती मजकुराचं बूलियन करते. ती दिलेल्या नावाची सिस्टिम प्रॉपर्टी शोधते. तिला ट्रू हा मजकूर दिला तर ‘ट्रू’ नावाची प्रॉपर्टी शोधायला जाते, ती नसते, आणि उत्तर फॉल्स येतं.

डेटाबेसमधून आणताना

फील्ड कॅपिटल-बी केलं, कॉलमला नल चालतो असं ठेवलं, तरी स्क्रीनवर सगळे न मोजलेले लॉट ओलेच दिसतात, असं झालं तर रिझल्टसेटकडे, म्हणजे क्वेरीच्या उत्तरातल्या ओळी देणाऱ्या ऑब्जेक्टकडे, बघा. त्याची गेटबूलियन मेथड एसक्यूएलच्या नलला फॉल्स करून देते. नल होता का हे कळायला लगेच पुढच्याच ओळीत वॉजनल विचारावं लागतं. मधे दुसरा कॉलम वाचला तर उत्तर त्या कॉलमचं मिळतं. त्यापेक्षा गेटऑब्जेक्टला कॉलम आणि बूलियन क्लास द्या, नल आला तर नलच मिळतो. ही सोय जावा ७ पासून आहे. लिहितानाही काळजी घ्या: सेटबूलियनला नल असलेला कॅपिटल-बी दिला तर तो तिथंच उघडला जातो आणि फुटतो. नलसाठी सेटनल वापरा आणि त्यात प्रकार लिहा.

क्वेरीत ‘वाळला = फॉल्स’ लिहिलं तर नल असलेल्या ओळी येत नाहीत. ‘वाळला <> ट्रू’ लिहिलं तरी येत नाहीत, कारण नलशी केलेल्या तुलनेचं उत्तर ‘माहीत नाही’ असतं आणि व्हेअर फक्त ट्रूच्या ओळी घेतं. ओले आणि न मोजलेले दोन्ही एकत्र हवे असतील तर पोस्टग्रेएसक्यूएल आणि मायएसक्यूएल दोन्हींत ‘इज नॉट ट्रू’ चालतं. रोजच्या अहवालात वाळलेले आणि ओले ह्यांची बेरीज एकूण लॉटशी जुळत नसेल तर फरक नलचा आहे. तो तिसरा आकडा अहवालात वेगळा दाखवा.

गटवारी जावाच्या स्ट्रीमने करत असाल तर पार्टिशनिंगबायला नल देणारी मेथड चालत नाही, ती उघडताना फुटते. मग ग्रुपिंगबायकडे वळाल, तर तेही नल की घेत नाही आणि एक्सेप्शन टाकतं, जरी हॅशमॅपला स्वतःला नल की चालत असली तरी. अशा वेळी मूल्य आधी एनममध्ये, म्हणजे ठरावीक नावांच्या प्रकारात, बदला: वाळलेला, ओला, न मोजलेला. खरं तर तीन उत्तरांवर तीन वेगळी कामं होणार असतील तर फील्डच एनमचं केलेलं बरं. पुढे ‘पुन्हा वाळवून आणणार’ असं चौथं उत्तर नक्की येतं, आणि त्याला बूलियनमध्ये जागा नाही. कॅपिटल-बी तिथं ठेवा जिथं तिसरं उत्तर फक्त ‘अजून नाही’ एवढंच आहे.

जावास्क्रिप्टमध्ये: गुंडाळूच नका

ब्राउझरच्या बाजूला सल्ला उलटा आहे. जावास्क्रिप्टमध्ये कुठल्याही व्हेरिएबलमध्ये नल राहतो, अ‍ॅरेत आणि मॅपमध्ये साधं ट्रू-फॉल्स राहतं. गुंडाळायचं कारणच उरत नाही. आणि गुंडाळलं तर असं होतं:

इफ (न्यू बूलियन(फॉल्स)) पट्टीछाप();

पट्टी छापली जाते. इफ आतलं मूल्य उघडून बघत नाही. समोर ऑब्जेक्ट दिसला की तो खरा, हा भाषेचा नियम आहे. ‘==’ मात्र आतलं उघडतो, त्यामुळे हाच ऑब्जेक्ट ‘== फॉल्स’ला ट्रू म्हणतो आणि ‘=== फॉल्स’ला फॉल्स. एकच व्हेरिएबल फॉल्सशी समान आहे आणि इफमध्ये खरंही ठरतं. जेसॉन.स्ट्रिंगिफाय त्याला साधं फॉल्स करून पाठवतं, त्यामुळे सर्व्हरच्या लॉगमध्ये सगळं ठीक दिसतं आणि चूक शोधायला संध्याकाळ जाते. कुणाच्या तरी लायब्ररीतून असा ऑब्जेक्ट आलाच तर व्हॅल्यूऑफ चालवून उघडा. बूलियन(तो ऑब्जेक्ट) असं करून उघडत नाही, तेही ट्रूच देतं.

‘न्यू’शिवायचं बूलियन(…) हे वेगळं, ते रूपांतर करतं आणि साधं मूल्य देतं. ते वापरायला हरकत नाही, फक्त कोऱ्या स्ट्रिंगखेरीज प्रत्येक स्ट्रिंग त्याला खरी वाटते. लोकलस्टोरेजमध्ये सगळं मजकूर म्हणूनच साठतं. तिथं ठेवलेला फॉल्स परत वाचून बूलियनला दिला की ट्रू मिळतो. मजकुराची तुलना मजकुराशीच करा. चेकबॉक्सचं उत्तर ‘चेक्ड’मधून घ्या, ‘व्हॅल्यू’मध्ये टिक असो वा नसो, काही वेगळं दिलं नसेल तर ‘ऑन’ हाच मजकूर असतो.

तिसरं उत्तर नल ठेवून सांभाळा आणि डिफॉल्ट देताना दोन उभ्या रेघांचा ‘ऑर’ वापरू नका, तो खऱ्याखुऱ्या फॉल्सलाही डिफॉल्टने बदलतो. दोन प्रश्नचिन्हांचा ऑपरेटर फक्त नल आणि अनडिफाइंडलाच बदलतो. २०२० च्या आवृत्तीपासून तो भाषेत आहे. कोड तपासणाऱ्या ईएसलिंटमध्ये ‘नो-न्यू-रॅपर्स’ हा नियम चालू करा. टाइपस्क्रिप्टमध्ये प्रकार लिहिताना नेहमी स्मॉल-बी. कॅपिटल-बी लिहिला तर ते मूल्य पुढे स्मॉल-बी मागणाऱ्या फंक्शनला देता येत नाही.

बाकीच्या भाषा, थोडक्यात

सी-शार्पमध्ये बूल आणि प्रश्नचिन्ह असा प्रकार आहे, आणि तो जावापेक्षा सरळ वागतो: तो थेट इफमध्ये टाकला तर कंपायलरच अडवतो, त्यामुळे ‘== ट्रू’ लिहावंच लागतं. ऑब्जेक्ट प्रकारात टाकलेले दोन ट्रू ‘==’ने ताडू नका, ते वेगळे निघतात. कोटलिनचंही प्रश्नचिन्हवालं बूलियन असंच सक्ती करतं.

पायथनमध्ये सगळंच ऑब्जेक्ट आहे, ट्रू आणि फॉल्स एकेकच असतात, गुंडाळण्याचा प्रश्न नाही. प्रश्न ‘इफ नॉट वाळला’चा आहे, तो नन (पायथनचा नल) आणि फॉल्स एकाच टोपलीत टाकतो. ‘इज नन’ आधी तपासा. पांडाज ह्या पायथनच्या लायब्ररीत एक्सेल वाचली आणि कॉलममध्ये एखादी जागा रिकामी असेल तर तो कॉलम साध्या बूलचा राहत नाही, १.० आवृत्तीपासूनचा ‘बूलियन’ नावाचा प्रकार लावा, तो रिकामी जागा वेगळी ठेवतो.

चालू प्रोग्रॅममधलं फील्ड बदलायचं असेल तर

नुसतं स्मॉल-बीचं कॅपिटल-बी केलं की प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होतो, आणि हीच अडचण आहे. जिथं जिथं फील्ड वापरलंय तिथं अनबॉक्सिंग आपोआप घुसतं आणि तेवढ्या जागा फुटायला तयार होतात. म्हणून कंपायलरला मुद्दाम तक्रार करायला लावा. गेटरचं नाव बदला. तसंही जावाबीन्सच्या रूढीप्रमाणे ‘इज’ने सुरू होणारा गेटर स्मॉल-बीसाठी असतो आणि कॅपिटल-बीसाठी ‘गेट’ने सुरू होणारा. गेटर आपोआप लिहून देणारा लॉम्बॉक वापरत असाल तर तो हा बदल स्वतःच करतो. ‘इजवाळला’ नाहीसा झाला की प्रत्येक वापराच्या ठिकाणी एरर येईल. एकेक एरर उघडा, नल कुणाच्या बाजूला ते ठरवा, मग दुरुस्त करा. शोधा-बदला करून सगळीकडे एकदम नवं नाव चिकटवलं तर ह्या कष्टाचा काही उपयोग नाही. जेएसपी किंवा इतर टेम्प्लेटमधले वापर कंपायलरला दिसत नाहीत, ते हाताने शोधा. एक्लिप्समध्ये बॉक्सिंग-अनबॉक्सिंगचा इशारा मुळात बंद असतो, तेवढ्या कामापुरता तो चालू करा.

मग डेटाबेस. कॉलमवरची नॉट-नल अट काढा आणि डिफॉल्ट फॉल्स असेल तर तोही काढा. हा डिफॉल्ट विसरला की नव्या नोंदीतही फॉल्सच भरलं जातं आणि वाटतं जावाचा कोड चुकलाय.

राहिल्या जुन्या नोंदी. त्यांतले खरे ओले आणि न मोजलेले आता फॉल्समध्ये मिसळलेले आहेत. मीटरचा आकडा वेगळा साठवला असेल तर सोपं: फॉल्स आहे आणि आकडा रिकामा आहे, तिथं नल करा. पट्टी निघालेल्या लॉटना हात लावू नका, त्यांचा कागद शेतकऱ्याकडे गेलेला आहे आणि नोंद त्याच्याशी जुळलीच पाहिजे. अपडेट चालवण्याआधी ट्रू, फॉल्स आणि नल अशा तिन्ही ओळी मोजून ठेवा आणि नंतर परत मोजा. ट्रूचा आकडा हलला असेल तर रोलबॅक करा आणि व्हेअर पुन्हा वाचा.